आपण जिथे बसत नाही तिथली थंडी

कडाक्याच्या थंडीत मोटरहोम, म्हणजे आतच राहता-झोपता येणारी गाडी, घेऊन जायचं म्हटलं की ज्याच्या-त्याच्या तोंडी पहिला विषय हीटरचा. किती किलोवॅटचा, गॅसवरचा की डिझेलवरचा, रात्रभर चालतो का, आवाज किती करतो. हीटर लागतोच, त्यात वाद नाही. पण मला विचाराल तर सगळ्या तयारीत हीटर हा सगळ्यात सोपा भाग आहे, कारण तो आपल्याला जाणवतो, बंद पडला तर थोड्याच वेळात नाक गार पडतं आणि आपण पांघरुणातून उठून बघतोच. घात होतो तो न जाणवणाऱ्या जागी. सीटखालचा पाण्याचा पंप, भिंतीच्या कडेकडेने गेलेला पाण्याचा पाइप, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यातला सिलेंडर, बेडखालची बॅटरी, हे सगळं आपल्यापासून हातभर लांब असतं आणि तिथलं हवामान पूर्ण वेगळं असतं. आपण टीशर्टवर बसलेले असतो आणि तिकडे खाली पाणी गोठायला आलेलं असतं.

त्यामुळे हिवाळ्यासाठी गाडी तयार करायची म्हणजे माझ्या लेखी आपण जिथे बसत नाही, झोपत नाही, बघत नाही त्या जागांची काळजी घ्यायची. बाकी जाड पांघरुणं, गालिचे, लोकरी मोजे हे सगळं कुणी न सांगताही आपण घेतोच.

माझी तयारी थर्मामीटरपासून सुरू होते. दोन-तीन साधे वायरलेस सेन्सर घ्यायचे आणि लांब जायच्या आधी थंडीच्या एका रात्री गाडी दारातच उभी करून, हीटर लावून, आत झोपायचं. एक सेन्सर डोक्याच्या उंचीवर, एक पावलांपाशी आणि एक पंपाच्या कप्प्यात. आमच्या गाडीत वर २१ अंश होते तेव्हा जमिनीलगत १३-१४ होते आणि पंपाच्या कप्प्यात फक्त ३. नवरा म्हणाला, "अगं, आत तर मस्त उबदार आहे की, तू काय ते खाली वाकून बघतेस?" मी म्हटलं, तू बसलायस तिथे उबदार आहे, इकडे जरा हात घालून बघ. त्याने सीटची फळी उचलून हात आत घातला, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन स्वतःच गाडीत आडवा झाला.

ते आडवं होणं फार महत्त्वाचं आहे हो. आपल्या गाडीतला पाइप टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत कुठून कुठून जातो हे एकदा डोळ्यांनी बघायलाच पाहिजे, मॅन्युअलमधल्या आकृतीवर विसंबून चालत नाही. आम्ही सगळ्या गाद्या काढल्या, फळ्या काढल्या, आणि पाइपावर बोट ठेवून बोट उचलायचं नाही असं ठरवून पुढे पुढे सरकत गेलो. पाइप चाकाच्या कमानीपाशी बाहेरच्या भिंतीला प्लास्टिकच्या क्लिपने घट्ट चिकटवलेला होता, म्हणजे एका बाजूने थेट थंड भिंत. आणि तिथेच जमिनीला वायर जायला भोक पाडलेलं, वायर बारीक आणि भोक अंगठ्याएवढं, त्यातून गार हवेची बारीक धार येत होती, हात धरला तर स्पष्ट लागत होती. ते भोक बुजवलं, पाइप भिंतीपासून सोडवून मध्ये फोमची पट्टी घातली, आणि गरम हवेच्या डक्टला एक बारीक फाटा काढून तो पंपाच्या कप्प्यात सोडला. काम अर्ध्या दिवसाचं, पण त्यानंतर त्याच कप्प्यात थंडीच्या रात्री ९-१० अंश राहायला लागले.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण यात खूप जण फसतात. फोम ऊब देत नाही, तो फक्त गार व्हायचा वेग कमी करतो. ज्या पाइपाला कुठूनच उष्णता मिळत नाही त्याला कितीही जाड फोम गुंडाळा, लांबलचक रात्रीत तो गोठतोच, थोडा उशिरा इतकंच. आणि गाडीच्या आतून जाणाऱ्या पाइपाला सगळीकडून फोम गुंडाळला तर उलटंच होतं, खोलीची जी थोडी ऊब त्याच्यापर्यंत पोचत होती तीही बंद. त्यामुळे फोम पाइप आणि बाहेरची भिंत यांच्या मधे हवा, खोलीकडची बाजू उघडी.

पाण्याचं बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण पाइप फुटतो तो बऱ्याचदा जिथे बर्फ झालाय तिथे नाही फुटत. बर्फाचा बोळा पाइपात तयार होतो, तो वाढत जातो, आणि तो बोळा आणि बंद नळ यांच्यामधलं जे अजून पाणीच आहे ते कोंडलं जातं, दाब प्रचंड वाढतो आणि मग जिथे कमकुवत जोड असेल तिथे फुटतं. म्हणजे फुटलेली जागा आणि गोठलेली जागा वेगळी असू शकते. म्हणून गाडीतलं पाणी काढून टाकताना नळ उघडे ठेवायचे, आणि सिंगल लिव्हरचा नळ असेल तर लिव्हर मधोमध, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही लाइन मोकळ्या होतात. शॉवरचा पाइप खाली सोडायचा, बाहेरच्या बाजूला शॉवरचा नळ असेल तर तो विसरायचा नाही, पंप दोन मिनिटं कोरडा चालवून त्याच्या गाळणीतलं पाणी काढायचं. त्या गाळणीच्या पारदर्शक वाटीत राहिलेलं घोटभर पाणी सगळ्यात आधी गोठतं.

लोक काळजी करतात ती मोठ्या टाकीची. टाकी सहसा सगळ्यात शेवटी गोठते. ० अंशाच्या एक लिटर पाण्याचं बर्फ व्हायला त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते, मग शंभर लिटरची भरलेली टाकी, तीही गाडीच्या आत असेल तर, एका रात्रीत कुठली गोठतेय. करंगळीएवढा पाइप मात्र बघता बघता गोठतो. टाकी आत आहे की गाडीच्या पोटाखाली उघड्यावर आहे, हे मात्र गाडी घेतानाच बघायचं. युरोपातल्या ईएन १६४६ या स्टँडर्डमध्ये गाड्यांच्या हीटिंगचे ग्रेड दिलेत, त्यातला ग्रेड ३ म्हणजे बाहेर उणे १५ असताना आत २० अंश मिळतात. चांगलं आहे, पण विकत घेताना मी आधी विचारेन टाक्या कुठे आहेत, डबल फ्लोअर, म्हणजे मधे पोकळी असलेली दुहेरी जमीन आहे का, त्यात गरम हवा जाते का, सांडपाण्याचा कॉक कुठे आहे. माहितीपत्रकावर नुसतं विंटर पॅक लिहिलेलं असलं तर मी पुढचे चार प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही.

पाणी तापवायच्या बॉयलरला बऱ्याच गाड्यांमध्ये एक फ्रॉस्ट व्हॉल्व्ह असतो, आजूबाजूचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरचं सगळं पाणी गाडीखाली सोडून देतो. नेमका थंड जागी बसवलेला असला तर गाडी आत गरम असतानाही उघडतो, आणि मग काही जण वैतागून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून बंद धरून ठेवतात. कृपया असं करू नका. गेलेलं पाणी परत भरता येतं, फुटलेला बॉयलर नाही. व्हॉल्व्ह वारंवार उघडत असेल तर तो कप्पाच थंड आहे असं समजायचं आणि तिथे ऊब पोचवायची.

सांडपाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत खालीच असते. ती गरम करायची सोय नसेल तर सरळ कॉक उघडा ठेवायचा आणि खाली बादली. बादलीतलं पाणी गोठलं तर गोठू दे, रबरी बादली असली तर उलटी करून ठोकली की बर्फाचा ठोकळा निघतो आणि तो नेमून दिलेल्या जागी टाकता येतो, जमिनीवर सोडायचं नाही. टॉयलेटच्या फ्लशमध्ये अँटिफ्रीझ घालायचं तर ते प्रोपिलीन ग्लायकॉलचंच हवं, इंजिनात वापरतात ते इथिलीन ग्लायकॉलचं विषारी असतं, ते इथे चालत नाही. आणि खूपच थंडी असेल, उणे १५-२० च्या खाली, तर मी गाडीची पाण्याची लाइन वापरतच नाही, सगळी रिकामी करून ठेवते आणि पाणी कॅनमध्ये, आत, मधल्या वाटेत. दिसायला अडगळ होते पण डोक्याला ताप नाही, मी तरी हेच पसंत करते.

आता गॅस. सिलेंडरचा कप्पा नियमाने बाहेरच्या हवेला मोकळा असतो, गळती झाली तर गॅस खाली निघून जावा म्हणून, तो बंद करायचा नाही. म्हणजे सिलेंडर बाहेरच्या थंडीतच उभा असतो, आणि इथे आत काय भरलंय याने सगळा फरक पडतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू साधारण ० अंशाच्या जरा खाली आहे, प्रोपेनचा उणे ४२. म्हणून गोठणाऱ्या थंडीत ब्यूटेन द्रवच राहतो, वर गॅस तयारच होत नाही. मिश्र सिलेंडर असेल तर आधी प्रोपेन निघून जातो आणि खाली ब्यूटेन उरतो, सिलेंडर हलवला तर खळखळ ऐकू येते, वजनही लागतं, पण बर्नर पेटत नाही. थंडीत प्रोपेनच घ्यायचा. आणि तो लागतो भरपूर, कडक थंडीत मध्यम आकाराच्या गाडीचा हीटर दिवसाला ३-४ किलो सहज जाळतो, म्हणजे ११ किलोचा सिलेंडर तीन दिवसांचा सोबती. दोन सिलेंडर आणि मधे आपोआप बदलणारा रेग्युलेटर असला तर पहाटे बर्फात उतरून स्पॅनर फिरवायची वेळ येत नाही.

गॅसबद्दल बोलतोय तर हेही. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कधीच नाही. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं, हीटरचं ते धुराड्यातून बाहेर जातं, शेगडीचं सगळं आपल्या आत राहतं. आणि पाणी हा तरी लहान त्रास, मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपेत काही कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत असलाच पाहिजे, निघायच्या आधी बटण दाबून तपासलाच पाहिजे. रात्री बर्फ पडला तर हीटरचं धुराडं बर्फात बुडालं नाही ना हे झोपायच्या आधी आणि उठल्या उठल्या बघायचं, छतावर धुराडं असेल तर त्याला वाढीव नळकांडं लावता येतं. आणि थंडी वाजते म्हणून हवा खेळायच्या जाळ्या कापड कोंबून बुजवायच्या नाहीत. माझ्यासाठी या सगळ्या लेखातली हीच एक गोष्ट कुणी लक्षात ठेवली तरी बास.

बॅटरीचं सांगायचं तर लिथियमवाल्यांनी जपून. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याच्या खाली वापरता येते पण चार्ज करायची नसते, ऋण टोकावर लिथियमचा धातू साचायला लागतो आणि बॅटरी कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतली यंत्रणा चार्जिंग स्वतःच बंद करते, म्हणजे सकाळी आपण गाडी सुरू केली, इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर चालू, आणि बॅटरीत काहीच जात नाही. उपाय परत तोच, बॅटरी उबेच्या भागात आणायची किंवा आतून गरम होणारी घ्यायची. लेड अ‍ॅसिडची क्षमता उणे २० च्या आसपास निम्म्यावर येते, आणि ती उतरलेली असेल तर आतलं अ‍ॅसिड पातळ होऊन शून्याच्या थोडंसंच खाली गोठू शकतं. त्यात हिवाळ्यात हीटरचा पंखा रात्रभर चालतो, दिवे लवकर लागतात, आणि सोलर पॅनलवर बर्फ, सूर्य आडवा. सोलरचा भरवसा धरूच नका, शक्य असेल तिथे वीजजोडणी असलेली जागा घ्या.

आणि मग येतो माझ्या मते सगळ्यात चिवट विषय, आतला ओलावा. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, कुणालाही छान वाटेल अशी हवा आहे ही. पण तिचा दवबिंदू १२ अंश आहे, म्हणजे गाडीत जो जो पृष्ठभाग १२ च्या खाली आहे त्याच्यावर पाणी धरणार. सोफ्याची पाठ भिंतीला टेकलेली असते, गरम हवा मागे जात नाही, तिथे भिंत ५ अंश. गादीच्या खाली फळी, फळीखाली बंद कप्पा, तिथेही तेच. तुम्ही दिवसभर कोरड्या दिसणाऱ्या गाडीत बसता आणि संध्याकाळी उशी ओढून बघितली तर मागची बाजू ओली गच्च. आमच्या गाडीत कपाटाच्या आत एका ओळीत स्क्रू आहेत, ते थेट बाहेरच्या पत्र्यापर्यंत जातात, आणि थंडीच्या सकाळी कपाट उघडलं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पांढरं दहिवर धरलेलं असतं, मधली फळी मात्र खडखडीत कोरडी. थंडी नेमकी कुठून आत येतेय याचा तो नकाशाच आहे. आता प्रत्येक डोक्यावर प्लास्टिकची टोपी आहे.

यावर उपाय दोनच, हवा मागे फिरू द्यायची आणि ओली हवा बाहेर घालवायची. सोफ्याच्या पाठीमागे आणि भिंतीमधे बोटभर फट ठेवणारी जाळी किंवा पट्ट्या लावायच्या, गादीखाली हवा जाईल अशी चटई, कपाटं ठासून भरायची नाहीत. आणि दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः सकाळी उठल्यावर आणि स्वयंपाक झाल्यावर, सगळ्या खिडक्या तीन-चार मिनिटं सताड उघडायच्या. ऐकायला वेडेपणा वाटतो, बाहेर उणे १० आणि खिडक्या उघडा म्हणते. पण उणे १० च्या हवेत, ती पूर्ण ओली असली तरी, घनमीटरला २ ग्रॅमच्या आसपासच बाष्प मावतं, २० अंशाला १७ ग्रॅम मावतं. म्हणजे ती बाहेरची हवा आत येऊन गरम झाली की एकदम कोरडी होते आणि ओलावा शोषून घेते. भिंती, फर्निचर गरम असतात त्यामुळे तापमान पटकन परत चढतं. खिडकी रात्रभर बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

म्हणूनच हीटर निघायच्या आदल्या दिवशीच लावायचा. हवा तासाभरात गरम होते, पण लाकूड, गाद्या, टाकी, खालची फळी यांना वेळ लागतो, आणि ते गार असतील तोवर सगळा ओलावा त्यांच्यावरच जाणार.

पुढच्या मोठ्या काचेचं काय करायचं यावर आमच्याकडे थोडी चर्चा झाली होती. आतून लावायची चंदेरी मॅट स्वस्त आणि सोपी, पण तिच्यामागे काच अजून गार होते आणि सकाळी काचेवर आतून बर्फाचा थर. बाहेरून घालायचं जाड पांघरूण लावायला त्रास, ओलं झालं की ठेवायचं कुठे हा प्रश्न, तरी मी बाहेरचंच म्हणेन, काच कोरडी राहते आणि निघताना खरवडत बसावं लागत नाही. मागच्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्यांना बर्फ खरवडायची पट्टी लावायची नाही, चरे पडतात. फ्रिज जर गॅसवर चालणारा असेल तर बाहेर ८-१० अंशांच्या खाली त्याच्या बाहेरच्या जाळ्यांना मिळणारं विंटर कव्हर लावायचं, नाहीतर तो थंडीत धड चालतही नाही आणि मागून वाराही आत येतो. दारांच्या रबराला सिलिकॉन पुसून घ्यायचं, कुलपांचा स्प्रे खिशात ठेवायचा, गाडीत ठेवला तर कुलूप गोठल्यावर तो आतच राहील.

डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टरमध्ये बसतं. थंड मुलखातल्या पंपांवर हिवाळी डिझेल मिळतं, त्यामुळे उबदार भागातून निघताना टाकी गच्च भरून न्यायची नाही, थोडं कमी घेऊन निघायचं आणि वर चढायच्या आधी तिथलं भरायचं. हीटर डिझेलवरचा असेल तर तोही याच टाकीतून पितो, म्हणजे डिझेल गोठलं तर गाडीही गेली आणि ऊबही गेली. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं, म्हणजे बर्फात चालणाऱ्या टायरचं चिन्ह आहे का बघायचं. बर्फात टायरवर चढवायच्या चेन, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावर लावायच्या असतात, गाडी पुढच्या चाकांनी चालते की मागच्या हे आधी माहीत हवं, आणि एकदा तरी कोरड्या जागी हातमोजे घालून लावून बघायच्या. हातमोजे घालूनच, कारण तिकडे उघड्या बोटांनी ते जमत नाही.

मुक्कामी पोचल्यावर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ओले ब्रेक रात्रीत धरून बसतात. गाडी गिअरमध्ये, चाकं अडवायला पक्की उटी, आणि चाकांखाली फळ्या, म्हणजे टायर जमिनीला चिकटून गोठत नाहीत. विजेची केबल बर्फात लोळत ठेवायची नाही, गाडली गेली तर निघताना बर्फातून फोडून काढावी लागते. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

आणि निघायच्या दिवशी छत. शिडी आणि लांब दांड्याचा मऊ झाडू यासाठीच नेलेला असतो. रात्रीचा बर्फ खालून उबेने थोडा वितळतो आणि परत गोठून त्याची जाड पाटी होते, ती पाटी गाडी वेगात असताना सुटली तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जाते, किंवा आपण ब्रेक मारला की पुढे घसरून आपल्याच काचेवर. छतावर चढायचं नाही, सगळ्या छपरांची वजन पेलायची तयारी नसते आणि पायही घसरतो, शिडीवरूनच, स्कायलाइट आणि पॅनलला धक्का न लावता, कडेकडेने ओढून काढायचा. तासभर जातो. आमच्यात एक जण छत साफ करतो आणि दुसरा तेवढ्यात सगळे कप्पे उघडून आत हात फिरवून ओलं कुठे आहे ते बघतो, आणि दोन्ही कामं झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही असं ठरलेलं आहे.